नंदुरबारचा शेजारी कोण? अवकाशीय अर्थमितीची एक छोटी गोष्ट

माझ्या विषयाला मराठीत ‘अवकाशीय अर्थमिती’ म्हणावं लागतं, आणि ते ऐकून लोकांना रॉकेट आठवतं. मुद्दा मात्र जमिनीवरचा आहे. नेहमीचं संख्याशास्त्र प्रत्येक जिल्ह्याला सुटं धरतं. धुळ्यात मजुरी वाढली तर नंदुरबारात काय होतं, हे त्याच्या हिशेबात येत नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. वि. म. दांडेकर समितीने 1984 मध्ये महाराष्ट्राचा अनुशेष मोजला. रस्ते, सिंचन वगैरे बाबतींत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीशी ताडायचा, जेवढा कमी पडेल तेवढा त्याचा अनुशेष. पद्धत सरळ होती आणि पुढची कित्येक वर्षं निधीची भांडणं तिच्यावरच झाली. पण तेव्हा नंदुरबार जिल्हाच नव्हता. सातपुड्यातलं अक्राणी आणि तापीकाठचं शिरपूर धुळ्याच्या एकाच सरासरीत बसलेले. 1 जुलै 1998 ला जिल्हा वेगळा झाला आणि कागदावर एकदम एक मागास जिल्हा उगवला. डोंगरात त्या दिवशी काहीच बदललं नव्हतं, बदलली फक्त रेघ. (खानदेशात ही पहिली रेघ नव्हे, 1906 मध्ये पूर्व आणि पश्चिम असे तुकडे झालेच होते.) मोजमापाचा तुकडा बदलला की उत्तर बदलतं, हा आमच्या शास्त्राचा जुना दुखरा भाग.

आता शेजाराकडे येऊ. जवळच्या जागांचे आकडे एकमेकांसारखे आहेत का, हे मोजायचा निर्देशांक मोरान यांनी 1950 मध्ये दिला. क्लिफ आणि ऑर्ड यांचं पुस्तक 1973 चं. ‘स्पॅशिअल इकॉनॉमेट्रिक्स’ हे नाव मात्र बेल्जियमचे ज्याँ पॅलिंक यांनी 1974 मध्ये नेदरलँड्समधल्या टिलबर्ग इथल्या भाषणात वापरलं. लुक अन्सेलिन यांच्या 1988 च्या पुस्तकाने त्याला शिस्त लावली, आणि पुढे संगणकामुळे ते सगळ्यांच्या हातात आलं.

या सगळ्याच्या पोटात एक तक्ता असतो, त्याला आम्ही डब्ल्यू म्हणतो. कोण कोणाचा शेजारी आणि किती वजनाचा, हे त्यात लिहायचं. ते ठरवतं कोण? संशोधकच. बहुतेक वेळा हद्द लागून असेल तो शेजारी, आणि विषय संपला.

महाराष्ट्राच्या नकाशावर हे करून बघा. नंदुरबारची हद्द राज्यातल्या एकाच जिल्ह्याला लागते, धुळ्याला. म्हणजे धुळ्याचं वजन 1, बाकी सगळे शून्य. 2011 च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता 64.4 टक्के, राज्यात सर्वांत कमी. धुळ्याची 72.8. निष्कर्ष काय, तर बऱ्या शेजाऱ्याजवळचा एक खड्डा. आता राज्याची हद्द पुसा. सातपुडा आणि नर्मदेपलीकडे बडवानी सुमारे 49 टक्के, अलीराजपूर सुमारे 36. खड्डा नाहीसा होतो. मध्य भारतातल्या आदिवासी डोंगरपट्ट्याची ती एक कड दिसते. आकडे तेच आहेत, शेजार तेवढा बदलला. पण धोरण मुंबईत ठरतं आणि विदाही राज्याच्या हद्दीशी कापून मिळते, त्यामुळे पहिलंच चित्र जास्त छापलं जातं.

हद्दीपेक्षाही अवघड गोष्ट आहे दिशा. पॅलिंक आणि क्लासेन यांनी 1979 च्या पुस्तकात बजावलं होतं की जागांमधले संबंध दोन्ही बाजूंनी सारखे नसतात आणि एखाद्या ठिकाणचं कारण दुसरीकडे असू शकतं. नंदुरबारात हे पुस्तक न वाचताही कळतं. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला जातात. सुरतेच्या मजुरीचा धडगावच्या घरखर्चावर जो परिणाम होतो, तो उलट्या दिशेने तेवढा होत नाही. सरदार सरोवराची भिंत गुजरातमध्ये, पण तिच्या पाण्यात अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली 33 गावं बाधित झाली. नंतरच्या अभ्यासांनी सोयीसाठी डब्ल्यू सममित करून टाकला, आणि माझ्या मते तिथेच विषयाची वाट चुकली.

2012 मध्ये गिबन्स आणि ओव्हरमन यांनी तर बहुतांश अवकाशीय अर्थमिती निरर्थकच आहे का, असा प्रश्न शीर्षकातच विचारला. त्यांचा आक्षेप असा: शेजाऱ्यांचे आकडे सारखे दिसले म्हणजे एकाचा दुसऱ्यावर परिणाम झाला, असं सिद्ध होत नाही. दोघांकडे एकच दुष्काळ पडलेला असू शकतो. आक्षेप बरोबर आहे. त्यानंतर बरेच अभ्यासक हद्दींचाच प्रयोगासारखा उपयोग करू लागले: सीमेच्या दोन बाजूंची गावं, जमीन आणि पाऊस सारखे, सरकारं वेगळी. नवापूरसारखी जागा यासाठी शोधून सापडणार नाही. तिथल्या रेल्वे स्टेशनातूनच महाराष्ट्र-गुजरातची सीमा जाते.

दुसरी वाट म्हणजे डब्ल्यू गृहीत न धरता तो माणसांच्या खऱ्या ये-जा वरून बांधणं. इथे घोडं अडतं, कारण जनगणनेत हंगामी स्थलांतर नीट पकडलंच जात नाही. जे कुटुंब सहा महिने उसाच्या फडावर असतं, ते आमच्या तक्त्यात वर्षभर गावातच राहतं.

पुढच्या भागात नंदुरबारचे सहा तालुके घेऊन मोरानचा निर्देशांक हातानेच काढून दाखवते. कॅल्क्युलेटर पुरेल.