नदीकांठच्या दलदलीचें मोल

पाणथळ जमिनीविषयीं मनुष्याच्या मनांत फार दिवसांची अढी आहे. जी जमीन नांगरास दाद देत नाहीं, जींत इमारतीचा पाया टिकत नाहीं, आणि जेथें डांसांचें व बेडकांचेंच राज्य, ती जमीन फुकट गेली असें समजण्याची रीत सर्वत्र पडली आहे. अमेरिकेच्या काँग्रेसनें १८५० सालीं कायदा करून अनेक राज्यांस तेथील दलदली देऊन टाकल्या, त्या याच हेतूनें कीं, त्यांनीं त्या कोरड्या करून लागवडीस आणाव्या. बोस्टन शहरानें तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आपल्या अंगणांतील खाजणच मातीनें भरून काढलें आणि त्यावर नवी वस्ती उठविली. तिचें नांव बॅक बे. मुंबईच्या श्रोत्यांस तें ओळखीचें वाटल्यावांचून राहणार नाहीं. ज्या मॅसॅच्युसेट्स राज्यांत हें घडलें, त्याच राज्यानें पुढें शंभर वर्षांनीं दलदल राखण्याचा पहिला पाठ घालून द्यावा, हें इतिहासाचें एक नवल आहे.

त्या पाठाचा आरंभ राजधानींत झाला नाहीं. एका गांवांत झाला. समुद्रकांठच्या इप्सविच येथें खाऱ्या दलदलीचें रक्षण कसें करावें हा प्रश्न उभा राहिला आणि १९५७ सालीं राज्यानें कायदा करून प्रत्येक गांवास आपलें संरक्षणमंडळ नेमण्याची मुभा दिली. मंडळांत तीनांपेक्षां कमी नाहींत आणि सातांपेक्षां अधिक नाहींत इतके सभासद, मुदत तीन वर्षें. सभासद गांवचेच रहिवासी. दिवसा आपापला व्यवसाय करावा आणि सायंकाळीं नकाशे पसरून बसावें, असा त्यांचा क्रम. आरंभीं या मंडळांच्या हातीं सल्ला देणें, गांवच्या भूमीची नोंद ठेवणें आणि देणगी मिळालेली जमीन सांभाळणें एवढेंच होतें. पुढें १९६३ सालीं सागरकांठच्या व १९६५ सालीं अंतर्भागांतील दलदलींसाठीं कायदे झाले. १९७२ सालीं ते एकत्र करण्यांत आले आणि त्यांच्या अंमलबजावणीचा पहिला भार या ग्राममंडळांवर आला.

तेव्हांपासूनची रीत साधी आहे. दलदलींत भर टाकणें, ती खणणें किंवा तिचें रूप पालटणें ज्याच्या मनांत असेल, त्यानें आधीं मंडळाकडे अर्ज करावा, शेजाऱ्यांस कळवावें, आणि एकवीस दिवसांच्या आंत खुली सभा भरावी. सभेंत मालक, त्याचा अभियंता आणि शेजारी या सर्वांचें म्हणणें मंडळ ऐकून घेतें आणि मग अटी घालून परवानगी देतें अथवा नाकारतें. निर्णय न पटल्यास राज्याकडे दाद मागतां येते. पुढें दलदलीच्या कडेपासून शंभर फुटांच्या पट्ट्यांतील कामेंहि या देखरेखीखालीं आलीं.

या सभांतील एक अवघड प्रश्न झाडांचा असतो. तिकडील गोड्या पाण्याच्या दलदलींत तांबडा मेपल हा वृक्ष विशेष आढळतो. त्याचीं मुळें कांठची माती धरून ठेवितात आणि त्याची छाया उन्हाळ्यांत पाणी थंड राखते. एखाद्यानें विनापरवाना हे वृक्ष तोडले, तर मंडळ त्यास जागा पूर्ववत् करण्याचा हुकूम करूं शकतें. परवानगीनें दलदलीचा कांहीं भाग गेलाच, तर निदान तितकीच नवी दलदल दुसरीकडे तयार करावी लागते, आणि दोन हंगामांत तिच्या पृष्ठभागाचा पाऊण हिस्सा त्या प्रदेशांतील पाणवनस्पतींनीं झांकला गेला पाहिजे असा नियम आहे. नियम चांगला, परंतु दोन हंगामांत येतें तें गवत आणि झुडूप. ज्या मेपलची छाया एका दिवसांत गेली, ती परत येण्यास एक पिढी लागते. म्हणूनच लावण्यापेक्षां राखणें बरें, या निर्णयाकडे जाणतीं मंडळें पुनःपुन्हां वळतात.

राखण्याचा लाभ काय, याचें उत्तर चार्ल्स नदीनें दिलें. ही नदी अनेक गांवांतून वळणें घेत बोस्टनपाशीं समुद्रास मिळते. १९५५ च्या ऑगस्टमध्यें तिच्या पुरानें मोठें नुकसान केलें. १९६८ च्या मार्चमध्यें पुन्हां पूर आला, तेव्हां खालच्या फरसबंद वस्तींत पाणी कांहीं तासांत चढलें; वरच्या खोऱ्यांतील पाणी मात्र दलदलींत पसरून, दिवसांमागून दिवस घेत, सावकाश खालीं उतरलें. लष्करी अभियंत्यांच्या दलानें हा फरक हेरला. बांध घालण्यांत ज्यांची हयात गेली, त्या अभियंत्यांनींच १९७२ सालीं सल्ला दिला कीं, वरच्या खोऱ्यांत धरण नको, दलदलीच राखा. काँग्रेसनें १९७४ सालीं त्यास मान्यता दिली. १९७७ ते १९८३ या काळांत सतरा ठिकाणची सुमारें ८,१०० एकर भूमि राखून ठेवण्यांत आली; कांहीं विकत घेऊन, कांहींवर बांधकाम न होऊं देण्याचा हक्क घेऊन. धरणास सुमारें दहा कोटी डॉलर लागले असते; या व्यवस्थेस सुमारें एक कोटी लागले.

परंतु या हिशेबास दुसरी बाजू आहे. त्याच नदीवरील डेडहॅम गांवानें १९६३ सालीं पुराच्या जमिनीवर बांधकाम करण्यास मनाई केली. एक मालक न्यायालयांत गेला. त्याच्या तज्ज्ञाच्या मतें जमिनीची किंमत या नियमानें सुमारें ८८ टक्के उतरली होती. १९७२ सालीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें तरीहि नियम उचलून धरला. अशा जागीं घर बांधणाऱ्याचें त्याच्याच धाडसापासून रक्षण व्हावें. भराव घातल्यानें पाणी इतरांच्या जमिनींत शिरूं नये. आणि पुरानंतरचा खर्च साऱ्या गांवावर पडूं नये, हीं तीन कारणें त्यामागें होतीं. एकाच नदीच्या कांठीं कोणास दलदल राखल्याचा मोबदला मिळाला, तर कोणास तो मिळाला नाहीं. ज्याचे पैसे बुडाले त्याच्या मनांतील सल निर्णयानें निघाला असेल असें म्हणवत नाहीं.

हा सल पुरता काढणारी युक्ति अद्याप कोठेंहि सांपडलेली नाहीं. ग्राममंडळाची थोरवी ती सांपडल्यांत नाहीं. पूर्वीं मालकाचा नफा कागदावर दिसे आणि दलदलीचें काम कोणासच दिसत नसे; आतां दोहोंचीं मापें एका मेजावर, शेजाऱ्यांच्या देखत मांडावीं लागतात. ज्या जमिनीच्या बाजूनें बोलावयास पूर्वीं कोणी नव्हतें, तिचा कैवार घेणारीं चार माणसें सायंकाळीं दिवा लावून बसतात, आणि दूर खालीं, नदीच्या मुखापाशीं, ज्यांनीं ती दलदल कधीं पाहिलीहि नाहीं, त्यांचीं घरें पावसाळी रात्रीं कोरडीं राहतात.