प्रतिनिधी कोणाचा?

१९८२ चा गिरणी संप हा पगारवाढीचा फसलेला लढा, अशी समजूत आम्हांस विद्यार्थ्यांत वारंवार आढळते. जयंत पवारांचे 'अधांतर' वाचताना त्यांच्यापुढे संपानंतरची पडझड असते. संपाचे कारण मागे पडते. आमच्या मते त्या संपातला कळीचा प्रश्न किती पगार हा नव्हता. कामगारांच्या वतीने वाटाघाटीला कोणी बसायचे, हा होता.

१९२८ मध्येही हा प्रश्न होताच. त्या वर्षीचा सार्वत्रिक संप सुमारे सहा महिने चालला. ना. म. जोशींची मवाळ संघटना आणि डांगे प्रभृतींची गिरणी कामगार युनियन यांच्यात तीव्र मतभेद होते. तरीही संयुक्त संप समिती स्थापून त्यांनी मालकांपुढे १७ मागण्या एकत्रित ठेवल्या. एकमुख होण्याची सक्ती त्यांच्यावर कायद्याने केलेली नव्हती. ती गरज संपातूनच निर्माण झाली.

१९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मात्र हे एकमुख आधीच नेमून दिले. एका उद्योगात एकच 'प्रातिनिधिक संघ' आणि करार करण्याचा अधिकार त्याचाच. अनेक संघटनांच्या चढाओढीत मालकांचेच फावते, या युक्तिवादात तथ्य होते. पण मान्यता सभासदसंख्येच्या नोंदीवर मिळे, कामगारांच्या गुप्त मतदानावर नव्हे. मुंबईच्या कापडगिरण्यांत हा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे राहिला.

१९८१ मध्ये संघाने केलेला बोनसचा करार कामगारांना रुचला नाही. ते डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार संपावर उतरले. पगारवाढीबरोबरच हा कायदा रद्द करावा, अशीही त्यांची मागणी होती. सामंत प्रातिनिधिक संघाचे नव्हेत, या आधारावर त्यांच्याशी बोलणी नाकारली गेली. ज्यांच्यामागे कामगार होते त्यांना कायद्याने अधिकार नव्हता. ज्यांना अधिकार होता त्यांच्यामागे कामगार नव्हते. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला.

साहित्यात आपण 'प्रातिनिधिक' हा शब्द फार सहज वापरतो. गिरणगावाने त्याची किंमत मोजली आहे, हे तो वापरताना आपण ध्यानी ठेवावे.