लाकडाची ओळख : जुन्या तुळयांची साक्ष

आपल्या मंदिराचा जुना सभामंडप उतरविला, तेव्हा त्याचे खांब, तुळया, वासे व पाट्या सुताराच्या शाळेपुढील अंगणात रचून ठेवण्यात आल्या. धुपाचा धूर, समईची काजळी आणि वेळोवेळी दिलेला तेलरंग यांमुळे सारी लाकडे एकसारखी काळी पडली होती. कोणी म्हणाले, सगळा सागच आहे. कोणी म्हणाले, जळाऊ म्हणून विकून टाका. दोन्ही मते ऐकून आमच्या वृद्ध सुतारदादांनी एकच उत्तर दिले, "आधी टोक तासू, मग बोलू." या एका वाक्यामागे किती जुनी विद्या उभी आहे, हे गावकरी मंडळींस व देणगीदारांस थोडक्यात सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

लाकूड पारखून घेण्याची रीत आपल्या देशात प्राचीन आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त देवाच्या मूर्तीसाठी कोणते झाड निवडावे आणि पलंग व आसने कोणत्या लाकडाची करावीत, यांवर स्वतंत्र अध्याय आहेत. कार्ले येथील चैत्यगृहाच्या छतास सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बसविलेल्या सागवानी कमानी आजही जागेवर आहेत. मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेले 'त्रिंकोमाली' हे सागवानी जहाज इंग्लंडातील हार्टलपूल येथे अद्याप पाण्यावर उभे आहे. ज्यांनी ही लाकडे निवडली, त्यांची पारख काळाने खरी ठरविली.

शिवकाळातील राजनीती सांगणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तही हा विषय आला आहे. आरमारासाठी साग, शिसव यांसारखे लाकूड परवानगीने आणावे. परंतु रयतेने लेकराप्रमाणे वाढविलेल्या आंबा-फणसाच्या झाडांस हात लावू नये, असा त्याचा आशय आहे. कोणत्या कामास कोणते लाकूड, हे जाणणाऱ्यालाच कोणते झाड राखावे हेही कळते.

तथापि उभे झाड पान, फूल, साल पाहून ओळखता येते. साल गेलेली, रंगविलेली तुळई कशी ओळखावी? इंग्रजी अमदानीत वनखात्याचे अधिकारी गॅम्बल यांनी भारतीय लाकडांचा मोठा ग्रंथ १८८१ साली प्रसिद्ध केला व १९०२ साली त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. पुढे १९०६ साली डेहराडून येथे वनसंशोधन संस्था स्थापन झाली. १९३२ साली पिअर्सन व ब्राऊन यांचा व्यापारी लाकडांवरील द्विखंडी ग्रंथ बाहेर पडला. डेहराडूनच्या संग्रहात आज हजारो लाकडांचे नमुने आहेत आणि अनोळखी तुकडा त्यांच्याशी ताडून पाहता येतो.

या शास्त्राचा एक नवलाचा दाखला हडप्पा येथील आहे. १९४६ च्या उत्खननात एका दफनात लाकडी पेटीचे अवशेष मिळाले. डॉ. के. अहमद चौधरी व त्यांचे सहकारी घोष यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. पेटी शिसवाच्या वर्गातील लाकडाची आणि झाकण देवदाराचे, असा निर्णय झाला. पंजाबच्या मैदानात देवदार वाढत नाही. तो हिमालयात वाढतो. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वी पहाडातील लाकूड मैदानातील नगरापर्यंत येत होते, ही गोष्ट एका कुजक्या फळीने सांगितली.

आता सुताराच्या शाळेत हेच काम कसे चालते ते पाहू. लाकडाची खरी ओळख त्याच्या पाठीवर नसते, टोकावर असते. धारदार पटाशीने टोकाचा आडवा छेद गुळगुळीत करून दहापट मोठे दाखविणारे भिंग लावले, की बारीक छिद्रे दिसू लागतात. सागात प्रत्येक वर्षाच्या वलयाच्या आरंभी मोठ्या छिद्रांची ओळ असते. स्पर्श किंचित तेलकट आणि ताज्या छेदाला जुन्या चामड्यासारखा वास. शिसवात छिद्रे विखुरलेली असून जांभळट काळ्या रेषा दिसतात. फणस ताजा कापला तर पिवळा, पुढे तपकिरी होतो. आंब्याचे लाकूड करडे असून त्याला किडा लवकर लागतो. देवदारात अशी छिद्रेच नसतात. बिबळ्याची परीक्षा तर मुलांनीही करून पाहावी : त्याचा कीस पाण्यात टाकला, की पाणी पिवळसर होऊन उजेडात त्यावर निळी झाक मारते.

वजनही साक्ष देते. वाळलेल्या सागाचे घनफूट सुमारे १८ ते १९ किलो भरते, तर ऐन किंवा शिसव २४ किलोच्या आसपास. मात्र ओल, वय व जमीन यांनी फरक पडतो; म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नये. रंग तर सर्वांत फसवा. भिंगाने बहुधा झाडाचा वर्ग कळतो. नेमकी जात ठरविण्यास सूक्ष्मदर्शकच लागतो.

आपल्या अंगणात टोके तासली गेली, तेव्हा दोन्ही मते चुकीची ठरली. खांब सागाचे निघाले, मोठ्या तुळया ऐनाच्या, दोन सरे बिबळ्याचे आणि पाट्या आंब्याच्या. पाट्या किडीने पोखरल्या होत्या, त्या काढून टाकल्या. खांब मात्र बुडाशी हातभर कुजले होते, वर अगदी निकोप. तेवढा भाग कापून सागाचाच जोड दिला आणि ते पुन्हा उभे केले. न पाहता विकले असते, तर पूर्वजांचे दान सरपणाच्या भावाने गेले असते. आणि न पाहता सारे ठेवले असते, तर किडकी पाटी एखाद्या दिवशी भक्तांच्या डोक्यावर आली असती.

हे खांब कोणी दिले, याची नोंद कोठे सापडत नाही. पण ज्याने दिले, त्याने चांगले पारखून दिले, एवढे त्या लाकडाने स्वतःच सांगितले. यंदा ज्यांनी लाकूड, पैसा वा श्रम दिले, त्यांची नावे या स्मरणिकेत आहेतच. त्यांच्या नावांबरोबर कोणत्या जागी कोणते लाकूड बसविले, हेही मंदिराच्या वहीत लिहून ठेवावे, अशी विश्वस्त मंडळींस विनंती आहे. पुढच्या जीर्णोद्धाराच्या वेळी आपल्या नातवंडांस टोक तासावे लागले, तरी त्यांना ताडून पाहायला आपली नोंद हाताशी असेल.