चौदाव्या किलोमीटरचा दगड

पैठणच्या रस्त्याला लागलात की चितेगाव येते. व्हिडिओकॉनचा नोंदणीकृत पत्ता अनेक वर्षे असा छापला जाई: '१४ किलोमीटरचा दगड, औरंगाबाद-पैठण रस्ता'. पुढे इटली-पोलंडपर्यंत गेलेल्या उद्योगाचा ठावठिकाणा हा असा! व्यवसायाच्या धोरणाविषयी बोलताना आपण परदेशी पुस्तकांतले दाखले देतो. मी मात्र, श्रोतेहो, या दगडापासूनच सुरुवात करतो.

१९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने आपले दूरदर्शन रंगीत झाले. त्याच दशकात धूत कुटुंब दूरचित्रवाणी संचांच्या धंद्यात उतरले. तंत्र जपानच्या तोशिबाकडून घ्यायचे आणि माल इथे तयार करून मध्यमवर्गाच्या घरात पोचवायचा, एवढे साधे ते धोरण होते. साधे होते म्हणूनच चालले, असे मला वाटते.

मग आले २००५. फ्रान्सच्या थॉमसन कंपनीला आपला पिक्चर ट्यूबचा धंदा विकायचा होता. पोलंड, इटली, मेक्सिको आणि चीनमधले कारखाने व्हिडिओकॉनने सुमारे २४ कोटी युरोंना घेतले. मराठवाड्यातली कंपनी युरोपातले कारखाने घेते, याचा अभिमान कुणाला वाटणार नाही? पण विकणारा इतका उत्सुक का, हा प्रश्न बाजूला पडला. सपाट पडद्याचे टीव्ही तेव्हा दुकानांत आलेच होते. ते महाग आहेत, तोवर ट्यूब चालेल, असा हिशेब असावा. तो अगदी वेडगळ नव्हता, पण सपाट पडदे भराभर स्वस्त झाले. काही वर्षांतच इटलीतला कारखाना थंडावला.

शेजारच्या वाळूजला बजाजचा कारखाना आहे. ज्या स्कूटरवर घराण्याचे नाव झाले, ती बंद करून मोटारसायकलींवरच लक्ष देण्याचा निर्णय बजाजने २००९ मध्ये जाहीर केला. खुद्द राहुल बजाज यांना तो रुचला नव्हता. तरी तो अमलात आला. (पुढे चेतक परतली, पण विजेवर!)

व्हिडिओकॉन मात्र त्याच सुमारास मोबाइल सेवेत शिरत होती. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ दूरसंचार परवाने रद्द केले, त्यांत तिचेही होते. मोझांबिकच्या वायुक्षेत्रातला १० टक्के हिस्सा मात्र सुमारे अडीच अब्ज डॉलरना विकला गेला. सौदा उत्तमच, पण कर्जाचा डोंगर त्याहून मोठा होता.

जून २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेले. समूहावरचे मान्य दावे जवळपास ६५ हजार कोटींचे भरले. त्यावर आलेली २,९६२ कोटींची बोली २०२१ मध्ये मंजूर झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये अपिलात रद्दही झाली.

या कायद्यातली वाटणीची रांग पाहण्यासारखी आहे. तारण असलेल्या बँका वर. कामगारांची २४ महिन्यांपर्यंतची थकबाकी त्यांच्या बरोबरीने. उधारीवर सुटे भाग पुरवणारा लहान कारखानदार बराच खाली. पिक्चर ट्यूब घ्यायची की नाही, हे त्याला कुणी विचारले नव्हते.