पोचा आणि शेजारी

आजवर इतिहासकारांनी लढायांचा इतिहास लिहिला, राजघराण्यांचा लिहिला, मिठाचा आणि चहाचासुद्धा लिहिला; पण गाडीला पडलेल्या पोच्याचा इतिहास कोणी मनावर घेतलेला दिसत नाही. म्हणून ते काम अमरावतीतल्या एका बँकेच्या कारकुनाने हाती घेतले आहे. मी बी. कॉम. आहे, म्हणजे इतिहासाशी माझा संबंध शाळेतल्या सनावळ्यांपुरता. पण वीस-बावीस वर्षे लोकांची येणी-देणी जुळवून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. जगातली निम्मी भांडणे पैशाची दिसतात, पण पैशाची नसतात. पोच्याचे भांडण त्या निम्म्यातले.

पूर्वी पोचा पडायचा तो पितळी गुंडाला नाहीतर तपेल्याला. कासाराने आतून चार ठोके मारले की काम झाले. पुढे मोटारी आल्या आणि पोचा स्वयंपाकघरातून गल्लीत आला. गल्लीत आला म्हणजे शेजाऱ्याचा झाला. परक्याने गाडी ठोकली तर प्रकरण सोपे असते. दोन शब्द त्याने बोलावेत, चार आपण ऐकवावेत, नंबर टिपून घ्यावा आणि मोकळे व्हावे. तो माणूस जन्मात पुन्हा भेटत नाही. शेजाऱ्याचे तसे नाही. तो पळून जात नाही, हीच मुख्य अडचण. सकाळी दूध घेताना तो दिसतो, दुपारी त्याच्या कुकरची शिट्टी आपल्याला ऐकू येते आणि रात्री आपल्या घरातले भांडण त्याला ऐकू जाते.

हा प्रश्न मोटारीइतकाच जुना असेल, असे मला वाटायचे. तो बैलगाडीइतका जुना निघाला. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात चक्क गाडीच्या अपघातांची कलमे आहेत. (त्या ग्रंथाने माणसामाणसांत जी कलमे घातली, त्यांचा निकाल बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला लावला आणि तो कायम आहे. आपण फक्त गाड्यांपुरते पाहू.) बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक मोडले, गाडी आडवी गेली किंवा मागे सरकली, गाडीवानाने बाजूला व्हा म्हणून ओरडून सांगितले, अशा दहा प्रसंगी दंड माफ. म्हणजे हॉर्न वाजवला की आपली जबाबदारी संपली, ही आजच्या ड्रायव्हरलोकांची समजूत बरीच पुरातन आहे. गाडीवान अडाणी असेल तर मात्र मालकाला दोनशे पण दंड, आणि आत बसलेल्यांनाही शंभर-शंभर! हे कलम आज लागू केले, तर आमच्या शहरातल्या ऑटोत चौथा माणूस बसणार नाही.

पण खरी मौज या कलमांच्या जरा आधी आहे. दुसऱ्याच्या वस्तूचे कोणी जाणून किंवा नकळत नुकसान केले, तर त्याने मालकाची 'तुष्टी' करावी आणि नुकसानीइतका दंड राजाला भरावा, असे तिथे सांगितले आहे. राजाचा आकडा ठरला. तुष्टीचा आकडा कुठेच दिलेला नाही. माझ्यातला कारकून तिथे अडखळला. रक्कम न घातलेला चेक असावा, तसे ते कलम आहे. आणि पुढचा सगळा इतिहास म्हणजे हा चेक कोणी किती रुपयांनी भरायचा, याचीच खटपट आहे.

मराठी अमलात तंट्याला पंच बसत. जो हरेल त्याच्याकडून कागद लिहून घेत. त्याला यजितखत म्हणत. मी हरलो, माझे म्हणणे खोटे ठरले, अशी ती लेखी कबुली. जिंकणाऱ्याला जमिनीच्या तुकड्यापेक्षा त्या कागदाचाच आनंद जास्त होत असावा, असा माझा अंदाज आहे. कारण पोचा पडलेल्या प्रत्येक गाडीवाल्याला मनातून हेच हवे असते. पैसे नकोत हो, नुसते यजितखत द्या!

इंग्रज आले आणि त्यांनी तुष्टी काढून टाकून दरपत्रक लावले. १८७१ चा गुरांच्या कोंडवाड्याचा कायदा वाचण्यासारखा आहे. त्या काळी शेजारी म्हणजे धुऱ्याला धुरा लागून असलेला शेतकरी, आणि त्याची गाडी म्हणजे त्याचे जनावर. ते आपल्या पिकात शिरले की धरून चोवीस तासांत कोंडवाड्यात पोचवायचे. दंड ठरलेला : शेळी-मेंढीला एक आणा, वासरू, गाढव किंवा डुकराला दोन आणे, गाय-बैल-घोड्याला चार आणे, म्हशीला आणि उंटाला आठ आणे, आणि हत्तीला दोन रुपये. शेजाऱ्याचा हत्ती पऱ्हाटीत शिरला तर सरकारने सगळी तयारी करून ठेवली होती. फक्त त्याला धरून कोंडवाड्यापर्यंत न्यायचा कोणी, एवढेच लिहायचे राहिले. आणि दंड जायचा कोंडवाड्याच्या खात्यात. ज्याचे पीक खाल्ले त्याने भरपाईसाठी निराळा दावा लावायचा. म्हणजे इथेही राजाची सोय आधी.

पण नुसत्या पैशाने तुष्टी होत नाही, हे त्याच इंग्रजांना शिकवले ते आमच्या वऱ्हाडाने. हैदराबादच्या निजामाकडे फौजेच्या खर्चाची बाकी निघाली, म्हणून १८५३ साली कंपनी सरकारने वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतले. शेजाऱ्याची उधारी थकली म्हणून त्याची गाय सोडून आणावी, तसे. निजामाच्या मनात तो पोचा कायम राहिला. १९०२ मध्ये करार झाला की वऱ्हाड कायमचे भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे आणि निजामाला वर्षाला २५ लाख रुपये. रक्कम काही लहान नव्हती, पण तुष्टी झाली नाही. मागणी चालूच राहिली. शेवटी १९३६ मध्ये नवा करार झाला. राज्य इंग्रजांकडेच राहिले. फक्त निजामाच्या किताबात 'हैदराबाद आणि बेरार' असा शब्द घातला आणि त्याच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणायचे ठरले. लाखांनी जे साधले नव्हते, ते थोडेबहुत एका शब्दाने साधले.

मोटारीच्या कायद्याने मात्र हा धडा घेतला नाही. १९१४ च्या कायद्यात विम्याची सक्ती नव्हती. १९३९ चा कायदा आला आणि त्यातली विम्याची सक्ती १ जुलै १९४६ पासून सुरू झाली. हा विमा थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या मराठीत तिऱ्हाइताचा. मी आणि विमा कंपनी हे दोघे घरचे; बाकी सगळे जग तिऱ्हाईत. त्यात भिंतीला भिंत लागून राहणारा, मुलीच्या लग्नात वाढायला उभा राहिलेला शेजारीही आलाच. सुरुवातीला सक्ती फक्त माणसाच्या जिवापुरती होती. तिऱ्हाइताच्या मालमत्तेचे नुकसान १९६९ च्या दुरुस्तीने त्यात आले, आणि तेही दोन हजार रुपयांपर्यंत. १९८२ मध्ये त्याचे सहा हजार झाले आणि १९८८ च्या नव्या कायद्याने तोच आकडा पुढे चालवला.

गंमत म्हणजे तिकडे इंग्लंडात कायदा नेमका उलट्या दिशेने गेला होता. १९२८ मध्ये स्कॉटलंडातल्या पेझली गावी एका बाईंना जिंजर बिअरच्या बाटलीत गोगलगाय निघाल्याचे प्रकरण झाले. ते लॉर्डांच्या सभेपर्यंत गेले आणि १९३२ मध्ये लॉर्ड अॅटकिन यांनी निकालात प्रश्न घातला की, कायद्याच्या दृष्टीने शेजारी कोण? त्यांचे उत्तर असे की, आपल्या हलगर्जीपणाने ज्याला इजा होईल हे आपल्याला आधी दिसायला हवे, तो प्रत्येक जण आपला शेजारी. म्हणजे एका कायद्याने शेजाऱ्याला तिऱ्हाईत केले आणि दुसऱ्याने तिऱ्हाइताला शेजारी! या दोन्ही कायद्यांच्या मध्ये, बरोबर गल्लीच्या तोंडाशी, माझी मारुती एटहंड्रेड उभी असते.

काही वर्षांपूर्वी समोरच्या काकाजींच्या शेतातून तुरीची पोती घेऊन ट्रॉली आली. ट्रॅक्टर त्यांचा भाचा चालवत होता. मागे घेताना ट्रॉलीचा कोपरा माझ्या गाडीच्या दाराला भिडला. मी बाहेर आलो. काकाजीही आले.

"काय झालं जी भाऊ?"

"काकाजी, दाराले पोचा आला नं."

काकाजींनी चष्मा पुसला, वाकून पाहिले आणि विचारले, "कवाचा हाय?"

"आत्ताचा!"

"आत्ताचा नाही वाटत बाप्पा. जुना दिसते मले. अन् गाडी बी तुमी लय बाहीर लावता."

एवढे बोलून ते पोती मोजायला गेले. चार दिवस बोलणे बंद. बडनेरा रोडवरच्या डेंटिंगवाल्याने साडेतीन हजार सांगितले. विम्याचा फॉर्म काढला, तर त्यात अपघाताचा नकाशा काढायचा होता. मी गल्ली काढली, ट्रॉली काढली, आणि समोरच्याचे नाव लिहायच्या ओळीवर पेन थांबले. दावा केला की चार वर्षे दावा न केल्याने जमलेली ४५ टक्के सूट शून्यावर येणार, हा हिशेब होताच. पण पेन थांबले ते त्यासाठी नाही. आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात आईच्या छातीत दुखायला लागले होते. रात्रीचे दोन वाजलेले, पाऊस मी म्हणत होता, आणि माझी मारुती सुरू व्हायला तयार नव्हती. धोतराचा सोगा खोचत काकाजींनी आपली जीप काढली आणि आईला दवाखान्यात पोचवून पहाटेपर्यंत ते बाहेरच्या बाकावर बसून राहिले. आई वाचली. त्या फेरीचे बिल काही आमच्या घरी आले नव्हते. आता हा माणूस कुठल्या रकान्यात तिऱ्हाईत म्हणून लिहायचा?

पाचव्या दिवशी काकू डबा घेऊन आल्या. वांग्याची भाजी आणि रोडगे. डबा ओट्यावर ठेवत म्हणाल्या, "हे म्हनत होते, भाऊच्या गाडीले लागलं म्हून. चार दिवसापासून धड जेवले नाहीत."

मला जे हवे होते ते मिळाले होते. नीट पाहा, त्या वाक्यात कर्ताच नाही. भाच्याने ठोकली नाही, ट्रॉलीने मारली नाही, गाडीला 'लागलं'. मराठीत आपण कप फोडत नाही, तो फुटतो. दूध आपण सांडत नाही, ते सांडते. कायद्याला कर्ता लागतो, त्याशिवाय समन्स कोणाच्या नावाने काढणार? शेजाराला मात्र ही कर्ता नसलेली क्रियापदेच जगवतात. चूक कबूल तर होते, पण कोणाची मान खाली जात नाही. वऱ्हाडी यजितखत असे असते आणि ते डब्यातून येते. डेंटिंगवाल्याचे पैसे मीच दिले. आमच्या हिने डब्यात तिळाच्या वड्या घालून तो परत पाठवला. तेव्हापासून दर उन्हाळ्यात त्या घरून घट्टीवर काढलेली नव्या तुरीची डाळ येते. आजवर आलेल्या डाळीची बाजारभावाने किंमत काढली, तर साडेतीन हजार केव्हाच फिटले. मी ती काढत नाही.

याच्या उलट गोष्ट अकोल्याची. जठारपेठेत माझे एक नातेवाईक राहतात. त्यांच्या गाडीला शेजाऱ्याच्या फाटकाने ओरखडा काढला. शेजारी शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी त्याच दिवशी चूक मान्य केली, गॅरेजचे बिल मागवले, पै न् पै चुकती केली आणि पावतीवर सही घेतली. कायद्याने पाहिले तर आदर्श व्यवहार. त्यालाही बरीच वर्षे झाली. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणे नाही, कारण बोलण्यासारखे काही उरलेच नाही. बँकेत आम्ही याला खाते बंद होणे म्हणतो. बाकी शून्य झाली, पावती दिली, की ग्राहक पुन्हा काउंटरवर येत नाही. शेजार हे चालू खाते आहे. त्यात कोणाचे तरी थोडे येणे आणि कोणाचे तरी थोडे देणे राहिलेच पाहिजे. ज्या दिवशी ताळा बरोबर जुळतो, त्या दिवशी पावसात रात्री दोन वाजता कोणाचे दार वाजवायचे, हा प्रश्न उभा राहतो.

सरकारलाही हे अधूनमधून उमगते. १५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावच्या समितीने तंटे गावातच मिटवायचे आणि गाव तंटामुक्त झाले की लोकसंख्येप्रमाणे बक्षीस घ्यायचे. योजना खेड्यांसाठी होती. शहरातल्या गल्लीला तसले बक्षीस नाही. तिला आपली तुष्टी आपणच शोधावी लागते. तेव्हा वाचकहो, गाडीला पोचा पडला तर फोटो जरूर काढून ठेवा, विम्याचा हप्ताही वेळेवर भरा. फक्त समोरून डबा आला तर तो रिकामा परत पाठवू नका. हे कलम कुठल्याच कायद्यात छापलेले नाही, पण आमच्या वऱ्हाडात ते निजामाच्याही आधीपासून लागू आहे.