बेथेल : बाप्तिस्म्यानंतर राहायचे कुठे?

१/ माजलगावहून उत्तरेकडे निघून गोदावरी ओलांडली की जालन्याचा मुलूख लागतो. दीडशे वर्षांपूर्वी हे दोन्ही भाग निजामाच्या राज्यात होते. त्या काळी जालन्याजवळ एक नवे गाव वसले : बेथेल. मराठवाड्यातील ख्रिस्ती धर्मप्रसाराची ही कथा त्या गावाची आणि ते वसवणाऱ्या रेव्हरंड नारायण शेषाद्री यांची.

२/ नारायण हा मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला ब्राह्मण तरुण. १८४३ साली रॉबर्ट नेस्बिट यांच्या हस्ते त्याने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच्या पाठोपाठ मिशनऱ्यांकडे राहू लागला. तो अद्याप अज्ञान होता आणि त्याचा बाप्तिस्माही झालेला नव्हता.

३/ वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दाद मागितली. न्यायालयाने मुलाचा ताबा वडिलांकडे दिला. खटला संपला, पण प्रश्न संपला नाही. मिशनऱ्यांच्या घरचे अन्न खाल्लेल्या मुलाला जातीत परत घ्यावे की नाही?

४/ ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले. सनातनी मंडळींनी कडाडून विरोध केला. श्रीपतला घेणाऱ्यांवरच बहिष्काराची तलवार टांगली गेली. एका लहान मुलाच्या जेवणावरून अवघी मुंबई दुभंगली.

५/ या प्रकरणातून एक गोष्ट उघड झाली. बाप्तिस्म्याचा विधी काही क्षणांत उरकतो. पण त्याबरोबर घर, पंगत आणि पाणवठा हे सारे सुटते. धर्मांतरितांनी जगायचे कुठे, याचे उत्तर नुसत्या उपदेशात नव्हते.

६/ पुढे शेषाद्री फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे दीक्षित पाळक झाले आणि १८६०च्या दशकात जालन्यास आले. इंग्रजी शिकलेल्या उच्चवर्णीयांसाठी मुंबईत चाललेले कार्य एकीकडे राहिले. येथे त्यांचे ऐकणारे प्रामुख्याने मातंग समाजातील होते. गावकीत त्यांना जमीन नव्हती, मान तर नव्हताच.

७/ मग शेषाद्रींनी हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडे जमीन मागितली, आणि ती मिळाली. मुसलमान दिवाणाने दिलेल्या भूमीवर, ब्राह्मण कुळात जन्मलेल्या पाळकाने, बहुतांशी मातंग ख्रिस्ती कुटुंबांसाठी गाव वसवले. नाव बायबलमधले : बेथेल, म्हणजे ‘देवाचे घर’.

८/ १८७३ साली न्यूयॉर्क येथे इव्हँजेलिकल अलायन्सची परिषद भरली. जगभरच्या प्रॉटेस्टंट धुरीणांसमोर शेषाद्री पागोटे घालूनच उभे राहिले. धर्म बदलला, वेश नव्हे.

९/ बेथेलकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. वेगळ्या गावाने माणसांना आसरा दिला. पण वेगळे गाव म्हणजे जुन्या गावाशी असलेला सामना टाळणेही होते. पाणवठा सर्वांना खुला करण्याचा लढा महाडच्या चवदार तळ्यावर उभा राहण्यास १९२७ साल उजाडावे लागले.

१०/ म्हणून धर्मप्रसाराचा इतिहास केवळ बाप्तिस्म्यांच्या आकड्यांत मोजू नये. बाप्तिस्मा झाल्यावर त्या रात्री माणूस कोणाच्या ओसरीवर झोपला, हेही विचारावे. शेषाद्रींनी त्या प्रश्नाचे उत्तर जमिनीवर उभे केले. ते अपुरे असेल. पण प्रश्न त्यांनी टाळला नाही.