पहिली मोटार आणि बर्थाबाई

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा आवारात आठ-दहा स्कूटर आणि मोजून तीन मोटारी होत्या. आज वार्षिक सभेत सर्वांत जास्त आवाज चढतो तो पार्किंगच्या विषयावर! जिच्यासाठी आपण एवढे भांडतो ती मोटार आली कुठून, हे रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने थोडं सांगावं असं वाटलं.

मोटार कुणा एकाने शोधली असं म्हणता येत नाही. फ्रान्समध्ये क्यून्यो याने १७६९ सालीच वाफेची गाडी केली होती. पण बॉयलर आणि पाणी वाहून नेण्यातच तिची शक्ती जायची. पुढे १८७६ साली जर्मनीत निकोलाउस ओटो याने चार स्ट्रोकचं इंजिन यशस्वी केलं. इंधन आत ओढायचं, दाबायचं, पेटवायचं आणि धूर बाहेर टाकायचा. आपल्या पेट्रोल गाड्या आजही याच तत्त्वावर चालतात. पण ओटोचं इंजिन जड, कारखान्यात एका जागी बसवलेलं. ते रस्त्यावर आणायचं काम कार्ल बेंझ याने केलं.

कार्ल हा रेल्वे इंजिन ड्रायव्हरचा मुलगा. दोन वर्षांचा असताना वडील गेले. आईने हाल सोसून त्याला इंजिनिअर केलं. १८७१ साली त्याने मानहाइम शहरात भागीदारीत वर्कशॉप काढलं, पण भागीदार भरवशाचा निघाला नाही. तेव्हा कार्लची वाग्दत्त वधू बर्था पुढे आली. तिने हुंड्याचे पैसे लग्नाआधीच वडिलांकडून मागून घेतले आणि भागीदाराचा हिस्सा विकत घेतला. १८७२ साली त्यांचं लग्न झालं. पुढची वर्षं ओढाताणीची होती. १८७९ च्या ३१ डिसेंबरला, रात्रीच्या जेवणानंतर, ‘चल, आणखी एकदा बघू’ म्हणून दोघं वर्कशॉपमध्ये गेली आणि कार्लचं पहिलं इंजिन त्या रात्री नीट चालू झालं.

२९ जानेवारी १८८६ रोजी कार्लने आपल्या गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. नंबर ३७४३५. तीन चाकं, एक सिलिंडर, जेमतेम पाऊण अश्वशक्ती, वेग ताशी सुमारे सोळा किलोमीटर. त्याच वर्षी कान्श्टाट गावी डाइमलर आणि मायबाख यांनीही गाडी चालवली, पण ती घोडागाडीला इंजिन बसवून केलेली होती. बेंझने गाडी आणि इंजिन एकमेकांसाठीच घडवले. विजेच्या ठिणगीने इंधन पेटवणं, पाण्याने इंजिन थंड ठेवणं, वळताना मागची दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरावीत म्हणून डिफरन्शियल, हे सगळं त्या एका गाडीत होतं.

इतकं करूनही गाडी कुणी घेईना. लोकांना भीती वाटे, आणि कार्ल स्वभावाने सावध. आणखी सुधारणा करू म्हणत राहायचा. शेवटी ऑगस्ट १८८८ मध्ये एका पहाटे, नवरा झोपेत असताना, बर्थाने पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि तेरा वर्षांचा रिचर्ड यांना उठवलं, गाडी बाहेर काढली आणि निघाली फोर्ट्झहाइमला, माहेरी! अंतर शंभर किलोमीटरच्या वर. इतक्या लांब तोवर कुणीच मोटार नेली नव्हती.

पेट्रोल पंप कुठून असणार? वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानात कपड्यांचे डाग काढायचं लिग्रोइन मिळायचं, तेच टाकीत ओतलं. इंधनाची नळी तुंबली, ती हॅटच्या पिनेने साफ केली. विजेची तार उघडी पडली, तिच्यावर मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेकचं लाकूड झिजलं, तेव्हा वाटेतल्या चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. पाणी तर जागोजागी भरावं लागे. चढ आला की उतरून ढकला! संध्याकाळी पोचल्यावर कार्लला तार केली.

परत आल्यावर तिने त्याला स्पष्ट सांगितलं, की चढासाठी आणखी एक गिअर हवा. त्याने तो बसवला. गाडीचा बोलबाला झाला, हळूहळू गिऱ्हाईकं आली आणि शतक संपेपर्यंत बेंझची कंपनी जगातली सर्वांत मोठी मोटार कंपनी झाली. पेटंटवर मात्र नाव कार्लचं एकट्याचं. पुढे १९४४ साली, पंच्याण्णवाव्या वाढदिवसाला, कार्ल्सरुहच्या तंत्रविद्यालयाने बर्थाला मानाचं पद दिलं. त्यानंतर दोनच दिवसांनी ती वारली.

हे वाचताना मला आपल्या सोसायटीचे सुरुवातीचे दिवस आठवले. बिल्डरचा शेवटचा हप्ता भरायला माझ्याकडे पैसे कमी पडले, तेव्हा सौ.ने पाटल्या मोडल्या. शेअर सर्टिफिकेटवर नाव लागलं माझं एकट्याचं. तेव्हा त्यात काही वावगं वाटलंही नाही. असं आपल्याकडे बऱ्याच घरांत झालं असेल.

गेल्या महिन्यात मी तिचं नाव सहसभासद म्हणून लावण्याचा अर्ज सेक्रेटरींकडे दिला. ती हसून म्हणाली, “आता सुचलं?” उशीर झाला हे खरंच. पण पंच्याण्णवाव्या वर्षापर्यंत थांबलो नाही, एवढं तरी समाधान आहे. इतर सभासदांनीही आपापली सर्टिफिकेटं एकदा काढून बघावीत.